जुन्या पेट्रोल गाडीची व्हॅक्यूमची नळी कुठे जोडावी?



छाटणी, खते, औषधे हे आपले नेहमीचे विषय. या खेपेला गाडीचा विषय घेतला आहे, आणि त्याला कारण तुमचीच पत्रे. निफाड, दिंडोरी, चांदवड, सिन्नर या भागांत अजून पुष्कळ वस्त्यांवर शेडमध्ये एखादी जुनी पेट्रोल गाडी उभी असते. ॲम्बॅसेडर असते, पद्मिनी असते, कार्बोरेटरवाली मारुती ८०० असते, क्वचित विलीस इंजिनाची जीपही असते. ॲम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, बाकीच्या त्याआधीच गेल्या. पण वडिलांनी घेतलेली गाडी कोणी भंगारात देत नाही. ती चालती ठेवायची तर पॉइंट आणि कंडेन्सर दर थोड्या महिन्यांनी छळतात, म्हणून लोक इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून घेतात. तिथपर्यंत ठीक. पुढची अडचण बहुतेक पत्रांत एकच आहे: "किट बसवल्यापासून गाडी उभ्यानं नीट चालत नाही," किंवा "ॲव्हरेज वाढण्याऐवजी कमी झालं."

किट खराब निघाले असेल तर दुकानदाराला विचारावे लागेल. पण बऱ्याच वेळा दोष किटचा नसतो. डिस्ट्रिब्यूटरच्या बाजूला एक बशीसारखी चपटी पेटी असते आणि तिला बोटाहून बारीक नळी जोडलेली असते. ती नळी दुसऱ्या टोकाला कुठे जोडली आहे, यावर पुष्कळ अवलंबून असते. किट बसवताना डिस्ट्रिब्यूटर काढावा लागतो, नळी सुटते, आणि परत लावताना जे भोक मोकळे दिसेल त्यात ती खुपसली जाते.

आधी ही नळी करते काय ते समजून घेऊ.

ठिणगी आधी का पडावी लागते

विहिरीवरची मोटर लावल्याबरोबर शेवटच्या वाफ्यात पाणी येत नाही. पाटातून दांडात, दांडातून वाफ्यात पोचायला वेळ लागतो. ज्याला दहाच्या ठोक्याला वाफ्यावर पाणी हवे, तो मोटर त्याआधीच लावतो. धार बारीक असेल तर आणखी आधी लावतो.

इंजिनातही तसेच आहे. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण ठिणगी पडल्याबरोबर एकदम पेटत नाही, आग पसरायला थोडा वेळ लागतो. पिस्टन वर पोचून खाली वळण्याच्या सुमाराला दाब पूर्ण हवा, म्हणून ठिणगी पिस्टन वर येण्याच्या थोडी आधी पडावी लागते. यालाच मिस्त्री लोक ॲडव्हान्स म्हणतात आणि तो अंशांत मोजतात.

इंजिन वेगात फिरू लागले की वेळ कमी मिळतो, म्हणून ठिणगी आणखी आधी हवी. हे काम डिस्ट्रिब्यूटरच्या पोटातली दोन वजने करतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी पुढे सरकते. वजनांना फक्त वेग कळतो. गाडीत चार माणसे आहेत की मागे कांद्याच्या गोण्या आहेत, चढ आहे की सपाट, हे त्यांना कळत नाही.

इथे व्हॅक्यूमच्या पेटीचा उपयोग होतो. सपाट रस्त्याला, रेसवर पाय अलगद ठेवून गाडी चालली असेल तेव्हा सिलिंडरमध्ये मिश्रण थोडेच शिरते. थोडे आणि विरळ मिश्रण हळू जळते. ही झाली बारीक धार. मग ठिणगी आणखी आधी हवी. याच वेळी थ्रॉटलची चकती जवळजवळ मिटलेली असल्यामुळे इंजिनाला हवा ओढायला जोर पडतो, आणि चकतीच्या पलीकडे, मॅनिफोल्डमध्ये, चांगलीच ओढ निर्माण होते. ती ओढ नळीतून पेटीतल्या रबरी पडद्याला खेचते, पडदा डिस्ट्रिब्यूटरमधली प्लेट फिरवतो, आणि ठिणगी आधी पडते. रेस पूर्ण दाबली की चकती उघडते, ओढ नाहीशी होते, पडदा परत जातो.

ज्यांनी जुनी विलीस जीप चालवली आहे त्यांना हे सांगायला नको. तिचा वायपर याच ओढीवर चालायचा. पावसात कसारा घाट चढताना रेस दाबली की वायपर मंद व्हायचा आणि पाय उचलला की पुन्हा सपासप चालायचा. तीच ओढ इथे कामाला लावली आहे, एवढेच.

दोन भोके, दोन स्वभाव

आता मुख्य मुद्दा. ही ओढ दोन ठिकाणांहून घेता येते.

पहिले ठिकाण कार्बोरेटरच्या अंगावर, थ्रॉटलच्या चकतीच्या अगदी कडेला असते. चकती मिटलेली असताना हे बारीक भोक चकतीच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे एअर फिल्टरच्या बाजूला पडते. त्यामुळे इंजिन स्लोवर असताना तिथे ओढ नसते. रेस थोडी दिली की चकतीची कड भोकावरून सरकते आणि ओढ सुरू होते. आपण याला कार्बोरेटरचे भोक म्हणू.

दुसरे ठिकाण चकतीच्या पलीकडे, मॅनिफोल्डवर. तिथे स्लोवरही भरपूर ओढ असते, किंबहुना स्लोवर आणि उतारावर रेस सोडल्यावर ती सर्वांत जास्त असते.

गाडी रस्त्यावर मध्यम वेगाने चालू असताना दोन्ही ठिकाणी ओढ जवळजवळ सारखीच असते. रेस पूर्ण दाबल्यावर दोन्हीकडे जवळजवळ शून्य. म्हणजे दोघांमधला खरा फरक आहे तो फक्त स्लोवर आणि रेस सोडलेली असताना. हे नीट ध्यानात ठेवा, कारण गॅरेजांतून या दोन भोकांबद्दल फार मोठमोठ्या गोष्टी सांगितल्या जातात. कोणी सांगतो मॅनिफोल्डला जोडली की पिकअप येतो. कोणी सांगतो कार्बोरेटरचे भोक ही फक्त धुराच्या कायद्यासाठी काढलेली पळवाट आहे. धुराचे कायदे यायच्या आधी, १९५०च्या दशकातल्या विलायती गाड्यांतही नळी कार्बोरेटरलाच जोडलेली होती. ॲम्बॅसेडरचे १४८९ सीसी इंजिन त्याच घराण्यातले.

मग कोणते घ्यावे? माझे मत सरळ आहे. जुनाच डिस्ट्रिब्यूटर ठेवून आतले पॉइंट काढून किट बसवले असेल, तर कारखान्याने जिथे नळी जोडली होती तिथेच ती राहू द्या. आपल्याकडच्या या जुन्या गाड्यांत ती बहुतेक कार्बोरेटरच्या भोकाला असते. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक तुकडा आला म्हणून मिश्रण जळायचा वेळ बदलत नाही. वजने तीच, पडदा तोच, इंजिन तेच. बदलली ती फक्त ठिणगी तोडणारी वस्तू. किटचा फायदा एवढाच की पॉइंटची टाच झिजून टायमिंग सरकत नाही, आणि सकाळी गाडी लवकर चालू होते. ॲव्हरेज दुप्पट होते वगैरे जे सांगतात त्यांच्या नादी लागू नका.

निफाडच्या काकांची ॲम्बॅसेडर

निफाड तालुक्यातल्या एका बागायतदार काकांनी पत्रात लिहिले होते की किट बसवल्यापासून त्यांची ॲम्बॅसेडर बाजार समितीच्या रांगेत उभी राहिली की आपोआप चढउतार करते, कधी बंदच पडते. पिंपळगावच्या रांगेत मागचे ट्रॅक्टरवाले भोंगे वाजवतात आणि यांना उतरून बॉनेट उघडावे लागते. मी मेकॅनिक नाही, पण शेती महाविद्यालयात यंत्रांचा विषय शिकलो आहे आणि घरच्या जुन्या गाडीवर हात काळे केले आहेत. त्या बाजूला बागेच्या पाहणीला गेलो तेव्हा गाडीही पाहिली.

नळी मॅनिफोल्डला जोडलेली होती. मधे कधीतरी कार्बोरेटर बदलला होता आणि नव्या कार्बोरेटरचे भोक मिस्त्रीला सापडले नव्हते, म्हणून हा उपाय. पेटीवर बारीक आकडे कोरलेले होते. लुकास घडणीच्या पेट्यांवर असे तीन आकडे असतात. समजा ५-१७-१० असे आकडे आहेत. पहिला आकडा म्हणजे पाऱ्याच्या किती इंच ओढीला पडदा हलायला लागतो, दुसरा म्हणजे किती इंचाला तो पूर्ण खेचला जातो, आणि तिसरा म्हणजे तो डिस्ट्रिब्यूटर किती अंश फिरवतो. डिस्ट्रिब्यूटर इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून १० अंश म्हणजे इंजिनाच्या पुलीवर २० अंश झाले.

आता नाशिकची उंची ध्यानात घ्या. समुद्रकाठी चांगल्या स्थितीतले इंजिन स्लोवर १७ ते २१ इंच ओढ दाखवते. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरायचा. आपण समुद्रसपाटीपासून जवळजवळ दोन हजार फुटांवर आहोत, तेव्हा इथे तेच इंजिन १५ ते १९ दाखवणार. वापरलेल्या इंजिनाला १५-१६ मिळाले तरी पुष्कळ. ज्या पेटीला पूर्ण खेचले जायला १७ इंच लागतात तिला १५ मिळाले, तर पडदा अर्ध्यातच लोंबकळतो. ओढ जरा कमी झाली की ठिणगी मागे जाते, इंजिन मंदावते, मंदावले की ओढ आणखी कमी होते. मग पुन्हा उलट. काकांची गाडी जो झोका घेत होती तो हाच. मुंबईच्या गाडीला जो उपाय लागू पडला तो कसारा घाट चढून आल्यावर पडेलच असे नाही.

कार्बोरेटर साफ केल्यावर भोक सापडले, रंगाने बुजलेले होते. नळी तिथे जोडली, मॅनिफोल्डचे तोंड बंद केले, टायमिंग पुन्हा बसवले आणि स्लोचा स्क्रू लावला. झोका थांबला.

पण त्या गाडीत याहून गंभीर गोष्ट निघाली. काकांनी पूर्वी ब्रेकला व्हॅक्यूमचा बूस्टर बसवून घेतला होता, आणि मिस्त्रीने डिस्ट्रिब्यूटरची नळी सरळ मॅनिफोल्डला न जोडता बूस्टरच्या जाड नळीत टी टाकून तिथून घेतली होती. तीही एकतर्फी झडपेच्या बूस्टरकडच्या बाजूला. मी तोंडाने पेटीची नळी ओढून पाहिली तर ओढ टिकेना. पडद्याला बारीक चीर गेली होती. म्हणजे त्या चिरेतून ब्रेकच्या बूस्टरमध्ये सतत हवा शिरत होती. काका म्हणाले, "तरीच सप्तशृंगी गडावरून उतरताना ब्रेक दगडासारखा लागत होता. मला वाटलं माझ्याच पायातला जोर गेला."

इंजिन चालू असताना मॅनिफोल्ड ती गळती बरीचशी भरून काढतो. पण घाटात इंजिन बंद पडले, किंवा लागोपाठ दोनतीन वेळा ब्रेक मारला, तर बूस्टरमध्ये साठलेली ओढ संपते आणि सगळा भार पायावर येतो. ब्रेकची नळी ही ब्रेकचीच राहू द्यावी. तिच्यात टी टाकून ठिणगी, हॉर्न, दुसरे काहीही चालवू नये. डिझेल गाडीला थ्रॉटलच्या चकतीची ओढ नसते, म्हणून तिच्या ब्रेकसाठी अल्टरनेटरच्या मागे वेगळा व्हॅक्यूम पंप लावावा लागतो. कारखाने त्या ओढीसाठी एवढा खटाटोप करतात, त्यावरून तिची किंमत कळावी.

बोटाने ओळखायची रीत

आपल्या गाडीची नळी कुठे आहे हे कळायला गेज असले तर उत्तम, नसले तरी अडत नाही. इंजिन चांगले गरम होऊ द्या. चोक पूर्ण उघडा आहे, स्लो नेहमीइतका आहे, हे पहा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. सैल बाही आणि उपरण्याचे टोक पंख्यापासून दूर ठेवा.

डिस्ट्रिब्यूटरकडचे नळीचे टोक काढा आणि त्यावर बोट ठेवा. स्लोवर बोट चिकटले तर ती मॅनिफोल्डची ओढ. चिकटले नाही, पण दुसऱ्याने हळूच रेस दिल्यावर चिकटले, तर ते कार्बोरेटरचे भोक. स्लोवरही नाही आणि रेस दिल्यावरही नाही, तर भोक बुजले आहे किंवा नळी फाटली आहे. स्लोवर बोट अगदी किंचित चिकटत असेल तर स्लोचा स्क्रू फार आवळलेला असतो, चकती जरा जास्त उघडी राहिलेली असते. आधी स्लो कमी करून मग पुन्हा पहा.

एक तिसराही प्रकार क्वचित आढळतो. भोक कार्बोरेटरच्या वरच्या अरुंद गळ्यात असते आणि हवेचा झोत वाढेल तशी तिथली ओढ वाढते. ते वेगळ्या घडणीच्या डिस्ट्रिब्यूटरसाठी असते. आपल्या गाडीला ते वापरू नये.

मग पडदा तपासा. कार्बोरेटरकडच्या नळीला पेट्रोलचा वास असतो, ती तोंडात धरू नका. स्वच्छ नव्या नळीचा तुकडा पेटीला लावा, ओढा आणि जिभेने तोंड बंद करा. ओढ टिकली पाहिजे. कॅप काढून पाहिले तर आतली प्लेट सरकलेली दिसेल. रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट दिशेने ती सरकली पाहिजे, तरच तो ॲडव्हान्स. सोडल्यावर ती अडखळता परत आली पाहिजे. चिरलेला पडदा म्हणजे मोटारपंपाच्या सक्शनला पडलेले भोक. पंप जसा हवा धरून पाणी सोडतो, तसे इथे इंजिन फुकटची हवा ओढते, मिश्रण पातळ होते आणि स्लो बिघडतो. असा पडदा असेल तर नळी कुठेही जोडा, उपयोग नाही. आधी पेटी बदला.

ज्यांच्या पेटीला दोन नळ्या आहेत त्यांनी मात्र आपल्या मनाने अदलाबदल करू नये. त्यातली एक ठिणगी मागे नेणारी असू शकते.

टायमिंग बसवताना

कार्बोरेटरच्या भोकाची सवय असलेल्या मिस्त्रींची एक चूक नेहमी होते. टायमिंग पाहताना ते नळी काढत नाहीत, कारण स्लोवर तिथे ओढ नसते आणि फरक पडत नाही. पण नळी मॅनिफोल्डला असली तर दिव्याखाली दिसणारा आकडा हा पडद्याने वाढवलेला असतो. त्यावर विश्वास ठेवून डिस्ट्रिब्यूटर मागे फिरवला की खरे टायमिंग दहा-वीस अंश मागे जाते. गाडी चालते, पण जोर जातो, पेट्रोल जास्त लागते, आणि ठिणगी उशिरा पडल्यामुळे पाणी लवकर तापते. "किट बसवल्यापासून रेडिएटर उकळतो" अशा दोन पत्रांचे मूळ यात असावे असा माझा तर्क आहे.

तेव्हा नळी कुठेही असो, टायमिंग बसवताना ती डिस्ट्रिब्यूटरकडून काढा आणि सुटे टोक खिळ्याने किंवा स्क्रूने बंद करा. गाडीच्या पुस्तकात दिलेला आकडा त्याच स्थितीत बसवा, मग नळी लावा. पॉइंट असताना बल्ब लावून टायमिंग बसवता येत असे. इलेक्ट्रॉनिक किटला टायमिंगचा दिवा लागतो. जवळच्या गॅरेजात तो नसेल तर ज्याच्याकडे आहे तिथे जावे, अंदाजाने करू नये.

मॅनिफोल्डलाच जोडायची वेळ आली तर

काही वेळा इलाज नसतो. कार्बोरेटर दुसऱ्या गाडीचा असतो आणि त्याला भोकच नसते. मग मॅनिफोल्ड घ्यावा लागतो. तसे केले म्हणून इंजिन मरत नाही. उलट रांगेत फार वेळ उभे राहणाऱ्या गाडीला त्याचा थोडा फायदाही होतो, कारण स्लोवर ठिणगी आधी पडते आणि इंजिन कमी तापते. पण त्यासाठी तीन गोष्टी जमल्या पाहिजेत.

पेटीवरचा दुसरा आकडा आपल्या इंजिनाच्या स्लोवरच्या ओढीपेक्षा निदान दोन इंच कमी हवा, म्हणजे स्लोवर पडदा पूर्ण खेचून स्थिर राहील. नाशकात १६ इंच मिळत असतील तर १४ किंवा त्याहून कमी आकड्याची पेटी. नळी मॅनिफोल्डच्या मधल्या, सर्व सिलिंडरांच्या सामाईक भागातून घ्यावी. एकाच सिलिंडरच्या फाट्यातून घेतली तर ओढ धक्क्याधक्क्याने येते आणि प्लेट थरथरते. मारुती ८०० ला तीनच सिलिंडर, तिच्यात हे धक्के आणखी जाणवतात. आणि नळी लावल्यावर स्लो वाढेल, तो स्क्रूने खाली आणावा. स्लो बदलला की धुरातही फरक पडतो, तेव्हा पीयूसीला जाण्याआधी हे काम उरकून घ्यावे.

नव्या धर्तीचा पूर्ण डिस्ट्रिब्यूटर मात्र वेगळा. त्यात वजने नसतात आणि रबरी पडदाही नसतो. आत दाब मोजणारा सेन्सर असतो आणि वेग व दाब पाहून चिप स्वतः ठिणगीची वेळ ठरवते. अशा यंत्राला इंजिनावरचा भार समजण्यासाठी सहसा मॅनिफोल्डची खरी ओढ लागते. पण काहींचे हिशेब कार्बोरेटरच्या भोकावर बसवलेले असतात. डब्यातला कागद टाकून देऊ नका, मिस्त्रीला वाचायला लावा. औषधाच्या बाटलीवरची पत्रिका न वाचता आपण फवारणी करत नाही, तसेच हे. बाजारात स्वस्त डिस्ट्रिब्यूटर असेही मिळतात ज्यांना व्हॅक्यूमची सोयच नसते. ते लावून गाडी चालते, पण सपाट रस्त्याला जे पेट्रोल वाचायचे ते वाचत नाही. घेऊ नका असेच मी सांगेन. घेतलाच असेल तर कार्बोरेटरचे भोक टोपी लावून बंद करा.

घाटातली टकटक

चढाला इंजिन टकटक करते म्हणून व्हॅक्यूमची नळी बदलणारे बरेच आहेत. रेस पूर्ण दाबून घाट चढताना दोन्ही भोकांत ओढ नसते हे वर सांगितले. मग त्या टकटकीशी नळीचा संबंध कसा असेल? तिथे दोष मूळ टायमिंगचा, अडकलेल्या वजनांचा, डोक्यात साठलेल्या काजळीचा किंवा जास्त तापलेल्या इंजिनाचा. टायमिंग दोन अंश मागे घेऊन पहावे. टकटक ऐकत तसेच चढत राहू नये, पिस्टनचे डोके त्यानेच फुटते.

अर्ध्या रेसवर, हलक्या चढाला टकटक होत असेल तर मात्र पेटीचा संशय घ्या. नळी काढून, टोक बंद करून त्याच रस्त्याने एक फेरी मारा. टकटक थांबली तर पेटी त्या इंजिनाला जास्त जोराची आहे. भोक बदलून ते जाणार नाही, कारण अर्ध्या रेसवर दोन्हीकडची ओढ सारखीच. कमी अंशांची पेटी शोधावी लागेल.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यातले काही तुमच्याच उसाच्या मळीतून निघालेले. टकटकीला ते चांगले, कारण इथेनॉल सहजासहजी अवेळी पेटत नाही. पण जुन्या कार्बोरेटरला त्याने मिश्रण पातळ होते आणि जुन्या काळचे रबर फुगते, तडकते. किट बसवताना पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि ही व्हॅक्यूमची नळी एकदमच बदलून घ्या. व्हॅक्यूमला पातळ प्लास्टिकची, माशांच्या टाकीला लावतात तसली नळी घेऊ नका. इंजिनाच्या उष्णतेने ती मऊ पडते आणि ओढ लागली की चपटी होऊन बंद होते. जाड भिंतीची रबरी नळी घ्या आणि एक्झॉस्टपासून लांब ठेवा.

डिस्ट्रिब्यूटरमध्ये किट बसवताना आणखी एक पहा. पडद्याने प्लेट फिरते, तर किटच्या तारांनाही तिच्याबरोबर हलावे लागते. तारा ताणून बांधल्या तर काही महिन्यांत आतल्या आत तुटतात आणि गाडी कधी चालते कधी नाही. थोडी ढील ठेवा. प्लेटपासून बॉडीला जाणारी बारीक विणलेली अर्थची तार जुन्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये असते, ती पॉइंटबरोबर काढून टाकू नका. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवून रेडिओ ऐकत बसण्याची सवय असेल तर ती सोडा, अशाने कॉइल आणि किट दोन्ही तापून जळू शकतात. आणि किट घेण्याआधी बॅटरीचे कोणते टोक बॉडीला जोडले आहे ते पहा. जुन्या विलायती घडणीच्या काही गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला असे, आणि चुकीचे किट जोडले तर ते त्याच क्षणी जाते.

नळ्या काढण्याआधी प्रत्येकीला चिठ्ठी बांधा, कलमांना बांधता तशी. मारुती ८०० च्या कार्बोरेटरला इतक्या नळ्या असतात की दुसऱ्या दिवशी कोणती कुठली हे मिस्त्रीलाही आठवत नाही. मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर आणखी चांगले.

विलीस जीपवाल्यांनी विचारले आहे की त्यांच्या डिस्ट्रिब्यूटरला पेटी दिसत नाही, ती कुठून आणून बसवावी. त्या जुन्या पेट्रोल जीपचा डिस्ट्रिब्यूटर बहुतेक फक्त वजनांवर चालतो. त्याला पेटी नव्हतीच. किट बसवा, टायमिंग दिव्याने लावा, आणि मॅनिफोल्डला कुठे उघडे तोंड राहिले असेल तर तेवढे बुजवा.